गाडी कुठे आहे हे कळलं, मग ती वेळेवर का येत नाही? वाहतूक कंपन्यांच्या डिजिटल यंत्रणा, सोप्या शब्दांत

मागवलेली वस्तू कुठवर आली हे पाहायला आपण फोन उघडतो. नकाशावर ठिपका दिसतो, खाली लिहिलेलं असतं 'आज पोहोचेल'. संध्याकाळी त्याचं 'उद्या पोहोचेल' होतं. दुसऱ्या दिवशी पाहावं तर ठिपका जागचा हललेला नसतो. मनात येतं, गाडी कोणत्या कोपऱ्यावर उभी आहे इतकं बारीक कळतंय, तरी ती वेळेवर का येत नाही?

प्रश्न रास्त आहे, आणि तो फक्त ग्राहकाला पडत नाही. वाहतूक कंपन्यांचे मालकही हेच विचारत असतात. सॉफ्टवेअर घेतलं, गाड्यांना यंत्रं बसवली, कार्यालयाच्या भिंतीवर मोठा पडदा लावला, आणि वर्षाअखेर हिशेब मांडला तर आकडे होते तिथेच. त्याच वेळी तसंच सॉफ्टवेअर घेतलेली दुसरी कंपनी तेवढ्याच गाड्यांमध्ये जास्त माल पोहोचवते. हा फरक कुठून येतो ते पाहू.

तीन नावं, एकदाच

समजा, घर बदलायचं आहे. एक जण ठरवतो की किती फेऱ्या करायच्या, आधी काय न्यायचं, कोणत्या गाडीत काय जाईल. दुसऱ्याला माहीत असतं की कोणत्या खोक्यात काय भरलंय आणि ते कोणत्या खोलीत ठेवलंय. तिसरा गाडीत बसून जातो आणि फोन करून सांगतो, 'निघालो, अर्ध्या तासात येतो.'

वाहतूक कंपनीत पहिल्याचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला टीएमएस म्हणतात, म्हणजे वाहतुकीचं नियोजन आणि हिशेब सांभाळणारी यंत्रणा. दुसऱ्याचं काम करणारी ती डब्ल्यूएमएस, म्हणजे गोदामाची यंत्रणा. तिसऱ्याचं काम गाडीत बसवलेलं यंत्र करतं. ते गाडीची जागा, वेग, इंधन आणि ब्रेक यांची माहिती सतत पाठवत राहतं. त्याला टेलिमॅटिक्स म्हणतात.

या तिघांत सर्वांत जास्त कौतुक तिसऱ्याचं होतं, कारण ते डोळ्यांना दिसतं. पण घर बदलताना गोंधळ कधी उडतो ते आठवा. गाडी दारात येऊन उभी राहते आणि कपाट अजून सुटं केलेलंच नसतं. गाडी कुठे आहे हे सगळ्यांना माहीत होतं. कपाटाचं गाडीवाल्याला माहीत नव्हतं आणि गाडी नेमकी केव्हा येणार ते कपाट सोडवणाऱ्याला माहीत नव्हतं.

कामगिरी म्हणजे काय मोजायचं?

वाहतुकीत 'कामगिरी सुधारली' हे वाक्य फार सैलपणे वापरलं जातं. कोणी गाड्यांचा वेग सांगतो, कोणी फेऱ्यांची संख्या. मला विचाराल तर चार गोष्टी पुरतात: माल ठरलेल्या वेळेला आणि पूर्ण पोहोचला का, गाडी किती अंतर रिकामी धावली, किती तास नुसती उभी राहिली, आणि माल पोहोचल्यापासून पैसे हातात यायला किती दिवस लागले.

पहिल्या गोष्टीत एक गणित लपलेलं आहे. समजा, माल पोहोचवण्याचे चार टप्पे आहेत: ऑर्डर नीट नोंदवणं, गोदामातून बरोबर माल काढणं, गाडी वेळेवर भरणं आणि रस्त्यावरचा प्रवास. प्रत्येक विभाग सांगतो, आमचं काम शंभरात ९५ वेळा बिनचूक होतं. ऐकायला छान वाटतं. पण चारही टप्पे एकाच ऑर्डरमध्ये बरोबर व्हायला हवेत. ०.९५ ला चार वेळा गुणलं की ०.८१ उरतात. म्हणजे चारही विभाग आपापल्या अहवालात उत्तम, आणि तरीही शंभरातल्या १९ ग्राहकांकडे काहीतरी चुकलेलं. त्या १९ जणांना प्रत्येक विभाग सांगतो की चूक आमची नाही.

रिकाम्या धावेबद्दल एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. युरोपीय संघात मालवाहू गाड्या जेवढे किलोमीटर धावतात, त्यांतले सुमारे एक पंचमांश रिकामे असतात. काही रिकामी धाव टळत नाही, दूध वाहणारा टँकर परतीला सिमेंट आणू शकत नाही. पण परतीचं भाडं जवळच उपलब्ध होतं आणि ते वेळेत कळलं नाही म्हणून रिकामी आलेली गाडी, हे निव्वळ माहितीचं नुकसान आहे.

वाट शोधणं संगणकाला जमतं, तरी सोपं नाही

एका गाडीला १० ठिकाणी माल द्यायचा आहे. कोणता क्रम सर्वांत जवळचा? शक्य असलेले क्रम ३६,२८,८०० होतात. ठिकाणं १५ झाली की हीच संख्या एक लाख तीस हजार कोटींच्या पुढे जाते. १९५९ मध्ये जॉर्ज डँट्झिग आणि जॉन रॅमसर यांनी हा प्रश्न गणिताच्या भाषेत मांडला. त्यांचं उदाहरण पेट्रोल पोहोचवणाऱ्या ट्रकचं होतं. तेव्हापासून यावर संशोधन चालूच आहे. संगणक सगळे क्रम तपासत बसत नाही. हुशारीनं बरेचसे बाद करतो आणि पुरेसा चांगला क्रम शोधतो.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतल्या यूपीएस या पार्सल पोहोचवणाऱ्या कंपनीचं आहे. तिथल्या चालकाला दिवसाला शंभराहून अधिक थांबे असतात. कंपनीनं 'ओरायन' नावाची यंत्रणा अनेक वर्षं खपून तयार केली आणि २०१३ पासून ती मोठ्या प्रमाणावर वापरात आणली. तिच्यामुळे वर्षाला सुमारे १० कोटी मैल धाव वाचते असं कंपनी सांगते. प्रत्येक चालकाची रोजची धाव एका मैलानं कमी झाली तरी वर्षाला ५ कोटी डॉलर वाचतात, हाही तिचाच हिशेब.

या कथेतला जो भाग सहसा सांगितला जात नाही तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गणिताला रोज नवा, कागदावर सर्वोत्तम असा क्रम देता येत होता. चालकांना तो नको होता. कालच्या वाटेनं गेलं की कुठे गाडी लावायची, कोणत्या दारानं आत शिरायचं, कोण किती वाजता भेटतं हे माहीत असतं. रोज वाट बदलली की ते सगळं ज्ञान वाया जातं, आणि गणितात वाचलेली काही मिनिटं दार शोधण्यात जातात. अखेर यंत्रणेला शिकवावं लागलं की थोडी लांब पण ओळखीची वाट कधी कधी जास्त चांगली असते. शिवाय त्याआधी नकाशेच दुरुस्त करावे लागले, कारण इमारतीचा पत्ता एका रस्त्यावर आणि माल उतरवायचं दार मागच्या गल्लीत, असं ठिकठिकाणी होतं.

वेळ रस्त्यावर कमी, फाटकात जास्त जातो

सकाळी ६ वाजता गाडी गोदामाच्या फाटकावर पोहोचली असं धरा. चालक उतरतो, काचेच्या खिडकीतून कागद आत सरकवतो. आतला माणूस पडद्यावर ऑर्डरचा नंबर टाकतो: ४७६१. 'अशी ऑर्डरच नाही.' चालक फोन लावतो. कार्यालय ८ वाजता उघडतं. आठ वाजता कळतं की नंबर ४७१६ होता, नियोजकानं ई-मेलमधून आपल्या तक्त्यात उतरवताना दोन आकडे उलटे झाले. गोदामात ४७१६ चा माल तयार आहे, पण गाडी आली नाही म्हणून तो बाजूला सारून तिथे दुसऱ्या गाडीचा माल लावलाय. आता ती गाडी भरून होईपर्यंत थांबा. १० वाजले.

या चार तासांत इंजिन बंद होतं. टेलिमॅटिक्सच्या पडद्यावर सगळं हिरवं: वेगाचं उल्लंघन नाही, जोराचा ब्रेक नाही, इंधन वाया गेलं नाही.

पण हे चार तास फुकट जात नाहीत. अमेरिकेत मालवाहू चालकाला एकदा कामाला लागल्यावर १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. फाटकावर नुसतं थांबल्यानं त्या १४ तासांचं घड्याळ सर्वसाधारणपणे थांबत नाही. भरताना ४ तास आणि खाली करताना ३ तास गेले, तर चालवायला उरतात ७. गाडी, चालक, विमा, कर्जाचा हप्ता सगळं तेवढंच आणि काम जवळपास दोन तृतीयांश. या नुकसानीवर वेगानं गाडी हाकणं हा उपाय नव्हे, तो अपघाताला आमंत्रण आहे.

म्हणून माझं ठाम मत आहे की या यंत्रणांची खरी कमाई रस्त्यावर होत नाही. माल आणि माहिती एका हातातून दुसऱ्या हातात जाते त्या जागी ती होते. गाडीची पोहोचण्याची अंदाजित वेळ गोदामाच्या पडद्यावर आपोआप दिसली, गाडी दोन तास उशिरा येतेय म्हणून तिचा क्रमांक मागे सरकला, ऑर्डरचा नंबर एकदाच लिहिला गेला आणि पुढे सगळ्यांनी तोच वाचला, की ते चार तास वाचतात.

पैशांचंही तसंच. माल मिळाल्याची सही केलेली पोहोचपावती हाती आल्याशिवाय बिल काढता येत नाही. कागदाची पावती गाडीबरोबर परत येते, म्हणजे गाडी आठ दिवसांनी परतली तर बिलही आठ दिवसांनी. चालकानं दारातच फोनवर सही घेतली की बिल त्याच दिवशी निघतं. इंधनाचे पैसे आधी रोख मोजणाऱ्या कंपनीला हे आठ दिवस प्राणवायूसारखे असतात.

पोलादी पेटीनं हे आधी दाखवून दिलं होतं

२६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' नावाचं जुनं तेलवाहू जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालं. त्याच्या डेकवर ५८ पोलादी पेट्या, म्हणजे कंटेनर, होत्या. ट्रकव्यवसायात वाढलेल्या माल्कम मॅकलीन यांची ही कल्पना: माल सुटा सुटा चढवण्याऐवजी पेटीच उचलून ठेवायची. सुटा माल जहाजावर चढवायला टनामागे पावणेसहा डॉलरच्या वर खर्च येई. पेटीत तो १६ सेंटच्या आसपास आला.

जहाजाचा वेग वाढला नव्हता. बंदरातला मुक्काम कमी झाला होता. तरीही जगभर याचा फायदा पसरायला बरीच वर्षं लागली, कारण पेटीबरोबर क्रेन बदलाव्या लागल्या, धक्के नव्यानं बांधावे लागले, कामगारांशी नवे करार करावे लागले. आणि सर्वांत कठीण म्हणजे पेटीचं माप काय असावं यावर जगाचं एकमत करावं लागलं. ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस आंतरराष्ट्रीय मानकांमधून आकाराला आलं.

माहितीची तशी सर्वमान्य पेटी अजून पुरती तयार झालेली नाही. एका कंपनीची यंत्रणा तारीख एका पद्धतीनं लिहिते, दुसरी दुसऱ्या. एकाला 'पोहोचलं' म्हणजे बंदरात आलं, दुसऱ्याला 'पोहोचलं' म्हणजे फाटकातून बाहेर पडलं. मर्स्क ही बलाढ्य जहाज कंपनी आणि आयबीएम ही संगणक कंपनी यांनी २०१८ मध्ये 'ट्रेडलेन्स' नावाचं सामायिक व्यासपीठ आणलं होतं. तंत्रज्ञान चाललं, पण संपूर्ण उद्योगाचं सहकार्य मिळालं नाही, असं सांगून २०२२ च्या अखेरीस ते बंद करण्याची घोषणा झाली. प्रतिस्पर्ध्यानं उभारलेल्या चावडीवर आपले कागद कोण नेऊन ठेवणार, हा प्रश्न सॉफ्टवेअरनं सुटत नाही. आता मोठ्या जहाज कंपन्यांनी २०३० पर्यंत जहाजी मालाचा मूळ दस्तऐवज पूर्णपणे इलेक्ट्रॉनिक करण्याचं ठरवलंय. ब्रिटनमध्ये अशा दस्तऐवजाला कागदाइतकीच मान्यता देणारा कायदा सप्टेंबर २०२३ पासून लागू आहे.

इतका खर्च करून फायदा का दिसत नाही?

अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये लिहिलं होतं की संगणकयुग सगळीकडे दिसतंय, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही. पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकारानं १९९० मध्ये त्याचं एक सुंदर उत्तर विजेच्या इतिहासात शोधलं. जुन्या कारखान्यात एक मोठं वाफेचं इंजिन असे, त्यावर लांबच लांब दांडा फिरे आणि पट्ट्यांनी सगळी यंत्रं त्या दांड्याला जोडलेली असत. वीज आली तेव्हा अनेकांनी वाफेचं इंजिन काढून त्याच जागी मोठी विजेची मोटर बसवली. दांडा तोच, पट्टे तेच, यंत्रांची मांडणी तीच. फायदा जेमतेम झाला. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर लावून कामाच्या क्रमानं कारखान्याची मांडणीच बदलली, तेव्हा उत्पादन उसळलं. त्याला काही दशकं जावी लागली.

वाहतूक कंपनीत दांडा म्हणजे जुनी सवय. टीएमएस आलं, पण नियोजक आपला तक्ता सोडत नाही आणि संध्याकाळी त्यातलं टीएमएसमध्ये उतरवतो. म्हणजे काम दुप्पट झालं आणि पडद्यावर दिसतं ते सकाळचं चित्र. मी कोणत्याही कंपनीला एकच गोष्ट मोजायला सांगेन: एक ऑर्डर येऊन तिचं बिल निघेपर्यंत तोच नंबर किती वेळा हातानं टाइप होतो? यंत्रणा आल्यावर हा आकडा कमी झाला नसेल, तर अजून तरी फक्त मोटर बदलली आहे.

उलट टोकही तितकंच घातक आहे: सगळं एकदम बदलायचं. डीएचएल या वाहतूक कंपनीच्या आंतरराष्ट्रीय मालवाहतूक विभागानं जगभरासाठी एकच नवी यंत्रणा उभारायला घेतली आणि २०१५ मध्ये त्या प्रकल्पापोटी ३४.५ कोटी युरो नुकसान म्हणून हिशेबातून काढून टाकावे लागले. नंतर त्यांनी टप्प्याटप्प्यानं जायचा मार्ग धरला.

मोजलं की माणसं आकडा सुधारतात

पडद्यावर 'वेळेत पोहोचलेले' टक्के झळकायला लागले आणि त्यावर बक्षीस किंवा बोलणी बसू लागली, की एक विचित्र गोष्ट घडते. चालक गल्लीच्या तोंडाशीच 'पोहोचवलं' हे बटण दाबतो, कारण पाच मिनिटांनी वेळ संपणार असते. किंवा 'ग्राहक भेटला नाही' अशी नोंद होते आणि ग्राहक दिवसभर घरातच असतो. सुरुवातीला म्हटलेला तो न हलणारा ठिपका पुष्कळदा इथूनच येतो. चालक लबाड आहे असा याचा अर्थ काढू नये. त्याला जेवढे थांबे दिलेत ते दिलेल्या वेळेत बसत नाहीत, हेच ती खोटी नोंद सांगत असते. ज्या कंपनीत अशी नोंद सापडल्यावर आधी थांब्यांची संख्या तपासली जाते, तिचे आकडे काही महिन्यांत खरे होतात.

'हे म्हणजे चालकावर पाळत नाही का?'

आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. अमेरिकेत डिसेंबर २०१७ पासून बहुतेक लांब पल्ल्याच्या चालकांना कामाच्या तासांची इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली. थकलेल्या माणसाला गाडी चालवायला लावू नये, हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. पण जे यंत्र जोराचा ब्रेक नोंदवतं, तेच यंत्र फाटकावरचे चार तासही नोंदवतं. कंपनी पहिल्या नोंदीवरून चालकाला जाब विचारते आणि दुसऱ्या नोंदीवरून ग्राहकाला जाब विचारत नाही, तेव्हा चालकाच्या मनातून ती यंत्रणा उतरते. ते योग्यच आहे. तीच नोंद दाखवून थांबण्याची भरपाई मागितली आणि त्यातला वाटा चालकाला दिला, तर तोच माणूस यंत्र बिघडलं की स्वतःहून कळवतो.

'आमच्याकडे दहाच गाड्या आहेत, आम्हाला हे कशाला?'

दहा गाड्यांची कंपनी एका माणसाच्या डोक्यात मावते. तो जोवर आहे आणि त्याचा फोन लागतोय, तोवर काहीच अडत नाही. तो आठवडाभर आजारी पडला की कळतं की कोणत्या ग्राहकाचं फाटक दुपारी बंद असतं, कोणत्या पुलाखालून उंच गाडी जात नाही, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. लहान कंपनीला महागडा पडदा नको. ऑर्डर एकाच जागी नोंदवणं आणि फोनवर पोहोचपावती घेणं, एवढ्या दोन गोष्टींनी सुरुवात करावी. वाट शोधणारं सॉफ्टवेअर नंतर घेतलं तरी चालतं.

'आणि सगळं बंद पडलं तर?'

पडतं. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' या घातक संगणकीय हल्ल्यात मर्स्कचे पडदे एकामागून एक काळे झाले. दर पंधरा मिनिटांनी जगातल्या कुठल्या ना कुठल्या बंदरात या कंपनीचं जहाज लागत असे. जहाजं येत राहिली, पण कोणत्या पेटीत काय आहे आणि ती कुठे जायची हे सांगणारं काही उरलं नाही. पुढच्या दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्यानं उभे करावे लागले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर झालं. त्या काळात कर्मचाऱ्यांनी कागद, स्वतःचे फोन आणि स्मरणशक्ती यांच्या बळावर काम चालवलं, आणि मालाचं प्रमाण फक्त सुमारे २० टक्क्यांनी घटलं, असं कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलं. हातानं काम करता येणारी माणसं तिथे अजून शिल्लक होती म्हणून हे जमलं.

कंपनीच्या जाळ्यात कोणाला कुठे शिरायची मुभा आहे याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर होते. प्रत्येकाकडे इतरांची प्रत होती, म्हणून वेगळी प्रत ठेवली नव्हती. हल्ल्यात सगळे एकदमच पुसले गेले. एकच वाचला, घानामधला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटला होता. त्यातली माहिती ब्रिटनमध्ये पाठवायची तर तिथलं इंटरनेट इतकं मंद की कित्येक दिवस लागले असते. डिस्क घेऊन विमानानं जावं, तर घानातल्या कर्मचाऱ्यांपैकी कोणाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण ती डिस्क घेऊन नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्या सहकाऱ्याच्या हातात दिली, आणि तो लंडनच्या विमानात बसला.